विजेचा प्रकल्प, त्याचे कर्ज आणि शेतकऱ्याची सही

पडते पाणी, ऊन आणि वारा यांपासून वीज उत्पन्न करण्याच्या उद्योगात यंत्रशास्त्रज्ञाचे काम सर्वांच्या दृष्टीस पडते. वकिलाचे पडत नाही. धरणाची भिंत दिसते, घाटातून उतरणारे लोखंडी नळ दिसतात, सोलरच्या प्लेटांच्या रांगा दिसतात. परंतु ही सर्व उभी राहण्यापूर्वी वर्ष दोन वर्षे कोठल्या तरी कचेरीत कागदांची जी जुळवाजुळव चाललेली असते, तिची वार्ता ज्याच्या शेतावर हा पसारा मांडावयाचा त्याच्या कानी बहुधा सर्वांच्या शेवटी येते. आणि ती जुळवाजुळव एकदा पुरी झाली म्हणजे त्याच्या हाती करण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून प्रस्तुत पाठात आम्ही यंत्रांविषयी न लिहिता कागदांविषयी लिहिणार आहो. विषय थोडा रुक्ष आहे. वाचकांनी तो सबुरीने वाचावा.

ह्या विषयाच्या अभ्यासास मावळच्या वाचकाला दूर जावयास नको. लोणावळा, वळवण व शिरवता ह्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून सोडावयाचे व त्याच्या जोरावर वीज काढून ती मुंबईच्या गिरण्यांस पुरवावयाची, ही योजना जमशेटजी टाटा यांच्या हयातीत निघाली. ते १९०४ साली वारले. कंपनी नोंदली गेली ती १९१० साली. वळवण धरणाची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते फेब्रुवारी १९११ मध्ये बसली, आणि खोपोलीची वीज सुरू झाली फेब्रुवारी १९१५ मध्ये. पुढे ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ साली व मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र १९२७ साली चालू झाले. स्वच्छ ऊर्जा हा शब्दप्रयोग त्या काळी नव्हता. तथापि गिरण्यांच्या धुराड्यांतून मुंबईवर पसरणारा कोळशाचा धूर कमी व्हावा, हा त्या योजनेच्या हेतूंपैकी एक हेतू होता.

कल्पना निघाल्यापासून कंपनी उभी राहीपर्यंत जी वर्षे गेली, ती केवळ पावसाची व उंचीची मोजमापे घेण्यात गेली नाहीत. पैसा कोण देणार, हा प्रश्न होता. विलायतेतील धनिकांकडे प्रथम विचारणा झाली. तेथे जमले नाही. शेवटी भांडवल ह्याच देशात, मोठ्या अंशाने संस्थानिक व व्यापारी यांच्याकडून उभे राहिले. ज्याने पैसा द्यावयाचा तो चार गोष्टी विचारतो. वीज काढून विकण्यास सरकारचा परवाना आहे काय? पाण्यावर हक्क आहे काय, आणि किती वर्षे? जमीन निर्वेधपणे ताब्यात येणार काय? आणि निघालेली वीज ठराविक दराने घेण्यास कोणी बांधला गेला आहे काय? खोपोलीच्या बाबतीत ह्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर गिरण्यांशी केलेले करार हे होते. ह्या चार प्रश्नांची चार उत्तरे कागदावर पक्की करणे, म्हणजे वकिलाचे काम. शंभर वर्षांत कागदांची नावे बदलली. प्रश्न तेच राहिले आहेत.

आजच्या रीतीत एक भर पडली आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. मोठी कंपनी प्रत्येक प्रकल्पापुरती एक स्वतंत्र लहान कंपनी काढते. प्रकल्पास लागणाऱ्या शंभर रुपयांपैकी सर्वसाधारणपणे सत्तर कर्जाऊ घेतले जातात व तीस मालकांचे असतात. कर्ज देणारी बँक किंवा ऊर्जेसाठी कर्ज देणारी सरकारी मंडळी त्या लहान कंपनीची सर्व चीजवस्तू, तिचे करार व तिला येणारे विजेचे पैसे आपल्याकडे तारण लावून घेतात. विजेचे बिल वसूल झाले म्हणजे ते प्रथम बँकेच्या देखरेखीखालील खात्यात जमा होते. त्यातून कोणास आधी व कोणास मागून द्यावयाचे याची क्रमवारी कर्जाच्या करारात लिहिलेली असते. जमिनीचे भाडे त्या क्रमवारीत कितव्या ठिकाणी आहे, हे भाड्याने जमीन देणाऱ्यास कोणी सांगत नाही. विचारल्यास सांगावे लागते. पण विचारावयास हवे. आणि त्या लहान कंपनीने भाडे थकविले, तर मागे उभ्या असलेल्या मोठ्या कंपनीवर दावा चालत नाही. कारण तिने सही केलेलीच नसते. तिची वेगळी लेखी हमी घेतली असेल तरच गोष्ट निराळी.

आता जमिनीचा कागद. येथे मुळशीचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुळशी पेट्यात निळा व मुळा यांच्या संगमाशी धरण बांधण्यासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ साली निघाली. जमीन मिळाली ती सन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याचा सातवा भाग खाजगी कंपन्यांसाठी जमीन घेण्यासंबंधी होता, आणि त्यातील ४१ वे कलम प्रत्येक शेतकऱ्याने वाचण्यासारखे होते. त्या कलमाप्रमाणे कंपनीने सरकारशी एक करार करावयाचा: संपादनाचा खर्च कंपनीने सरकारास द्यावयाचा, मग जमीन कंपनीकडे जावयाची, ती कोणत्या अटींवर धारण करावयाची, काम किती मुदतीत पुरे करावयाचे, आणि लोकांस त्या कामाचा उपयोग कोणत्या अटींवर मिळावयाचा. करार सरकारी गॅझेटात छापावयाचा. एवढा सविस्तर करार. परंतु त्यावर सही दोघांची, सरकारची व कंपनीची. ज्याची जमीन जावयाची त्याला त्या करारात जागाच नव्हती. त्याला जागा मिळे ती पुढे, नुकसानभरपाई ठरविण्याच्या पायरीवर. म्हणजे जमीन जाणार हे ठरून गेल्यावर.

त्या पायरीवरही कायदा पाहत असे तो ‘हितसंबंध’. बाजारभावाने किंमत, वर शेकडा पंधरा, आणि ती रक्कम हितसंबंधी माणसांत वाटून द्यावयाची. मुळशीच्या खोऱ्यातील पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा त्यांचा कूळ होता. सावकारास जमिनीच्या ऐवजी रोख रक्कम हाती आली तर तिचे वाईट वाटण्याचे कारण नव्हते. कुळाचे तसे नव्हते. त्याचे घर, त्याची भातखाचरे, त्याचे आंबे पाण्याखाली जाणार. आणि वर्षाच्या कराराने कसणाऱ्याचा हितसंबंध कायद्याच्या मापात फार थोडा भरणार. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, जो सत्याग्रह सुरू झाला व सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींनी १९२४ पर्यंत चालविला, त्यात मालक व कूळ यांच्यातील ही दुफळी शेवटपर्यंत आड आली. प्रारंभी काही महिने काम थांबलेही; परंतु शेवटी धरण झाले आणि सुमारे पन्नास गावे बुडाली. त्या लढ्याच्या इतर अंगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या विषयापुरती गोष्ट इतकीच की, सत्याग्रही खाचरात उभे राहिले तेव्हा परवाना, भांडवल व करार हे तिन्ही कागद पुरे झालेले होते. मोकळा राहिलेला कागद एकच, जमिनीचा. आणि त्यावर कुळाचे नाव नव्हते.

१८९४ चा कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०१३ चा भूसंपादन व पुनर्वसनाचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून आला. त्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर शेकडा ८० बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली, आणि दिलासा रक्कम शेकडा पंधरावरून, मध्यंतरी १९८४ च्या दुरुस्तीने झालेल्या तीसवरून, थेट शंभरावर नेली. तीन वर्षांपासून त्या गावी कसणारे कूळ, वाटेकरी व शेतमजूर यांच्या कुटुंबांसही ‘बाधित’ म्हटले. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु बारकाईने वाचणाऱ्यास एक फट दिसते: ८० टक्क्यांची मोजणी करताना ज्यांची जमीन वा स्थावर मिळकत जाते, आणि ज्यांना सरकारी योजनेतून जमीन मिळालेली आहे, त्यांचीच संमती मोजावयाची आहे. कुळास व मजुरास पुनर्वसन आहे, मत नाही. मुळशीच्या वेळचा भेद कायद्याने निम्मा बुजविला, निम्मा ठेवला, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट. कंपनी जमीन संपादनाने न घेता भाडेपट्ट्याने घेते तेव्हा हा २०१३ चा कायदा सहसा मध्ये येतच नाही. तो व्यवहार खाजगी होतो. त्यात जे लिहिले तेच खरे. सौर विजेसाठी आज बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. लोणावळ्याकडे वर्षास सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो व चार महिने आभाळ भरलेले असते. तेव्हा सौर प्रकल्पास ही बाजू फारशी मानवणारी नाही. परंतु जिल्ह्याच्या पूर्वेकडील आमच्या वाचकांपुढे हे पट्टे येत आहेत, आणि मावळातील पुष्कळांचे सोयरे तिकडे आहेत; म्हणून पुढील भाग थोडा विस्ताराने देतो.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ सालच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीच्या भाड्याचा दर असा ठरविला गेला: दर हेक्टरी वर्षास १,२५,००० रुपये, किंवा रेडीरेकनरप्रमाणे निघणाऱ्या किमतीचे शेकडा ६, यांपैकी जे अधिक ते, आणि दरवर्षी शेकडा ३ वाढ, ती मूळ दरावर, सरळ पद्धतीने. ह्या शेवटच्या दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. मूळ दरावर सरळ वाढ म्हणजे दरवर्षी ३,७५० रुपये. पंचविसाव्या वर्षी भाडे होते २,१५,०००, आणि पंचवीस वर्षांची बेरीज ४२,५०,०००. हीच शेकडा ३ वाढ आदल्या वर्षीच्या भाड्यावर, म्हणजे चक्रवाढीने, लिहिली तर पंचविसाव्या वर्षीचे भाडे सुमारे २,५४,००० होते व बेरीज पंचेचाळीस लाखांच्या वर जाते. एका हेक्टरामागे तीन लाखांचा फरक, आणि तो चार शब्दांवर. सरकारी योजनेत दर ठरलेला असल्याने घासाघीस चालत नाही. परंतु ज्या कंपन्या कारखान्यांस परस्पर वीज विकण्यासाठी जमिनी घेतात, त्यांच्याशी व्यवहार करताना हे चार शब्द आपल्या बाजूस पाडून घेता येतात. भाडे कोणत्या दिवसापासून चालू व्हावयाचे, हेही तसेच: सहीपासून, नोंदणीपासून, ताब्यापासून, की वीज निघू लागल्यापासून? शेवटचा पर्याय लिहिला असेल तर दीड दोन वर्षे पीकही नाही व भाडेही नाही, अशी पाळी येते.

आता कर्जदात्याचा वकील. कर्ज सोडण्यापूर्वी तो त्या जमिनीच्या मालकीचा शोध घेतो. रीत तीस वर्षांची आहे. वडगावच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दस्त, गाव नमुना सात व बारा, सर्व फेरफार, आठ अ, मोजणीचा नकाशा, हे सर्व तो तपासतो. कै. आजोबांच्या वारसांची नोंद झाली आहे काय? मुलींची नावे लागली आहेत काय? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला व सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा अर्थ पक्का केला. तेव्हा तिच्या सहीवाचून पट्टा अपुरा. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे काय? कुळाचे नाव आहे काय? जमीन भोगवटादार वर्ग २ ची तर नाही ना? कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीस ४३ व्या कलमाची अट लागू असेल, तर नुसता भाडेपट्टाही परवानगीशिवाय करता येत नाही. डोंगरउताराच्या जमिनीवर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद तर नाही ना, हे मावळात अवश्य पाहावे लागते.

हा वकील फार काळजीने काम करतो, कारण त्याच्या अहवालावर बँक कोट्यवधी रुपये सोडते. पण तो कोणाचा वकील, हे विसरू नये. त्याला जो दोष आढळेल तो बँकेच्या दृष्टीने दोष. मालकास भाडे कमी मिळते, किंवा पंचवीस वर्षांनी जमीन सिमेंटच्या खुंट्यांसह परत मिळावयाची आहे, हे त्याच्या लेखी दोष नव्हेत. उलट शोधात जे कूळ किंवा जी बहीण निघते, तिच्याकडून एखादे संमतिपत्र घेऊन फट बुजविली म्हणजे त्याचे काम झाले. त्या संमतीच्या मोबदल्यात तिला काय मिळाले, हा प्रश्न त्या अहवालात येत नाही. मुळशीच्या कुळाची आठवण येथे आम्हांस होते. आपल्या शेतात वाटेकरी असेल, तर पट्ट्याच्या वेळी त्याच्याशी जे ठरेल ते लिहून ठेवावे. वाटेकऱ्यानेही ते लिहून मागावे.

पट्ट्यातील दोन कलमे केवळ कर्जदात्यासाठी घातलेली असतात. पहिले गहाणाचे. ‘कंपनीस आपल्या भाडेपट्ट्याच्या हक्कावर कर्ज काढता येईल’ असे लिहिले असेल, तर त्यात वावगे नाही. त्यावाचून कर्ज मिळत नाही. परंतु ‘सदर मिळकतीवर कर्ज काढता येईल’ असे लिहिले असेल, तर कंपनीच्या कर्जाखाली आपली मालकीच तारण गेली असा अर्थ काढावयास वाव राहतो. शब्दांतील अंतर एका ओळीचे. परिणामातील अंतर जमीन राहण्या न राहण्याचे. मालकाच्या मालकीहक्कावर कोणत्याही प्रकारचा बोजा चढणार नाही, व पट्टा संपताच सातबाऱ्यावरील नोंद स्वखर्चाने कमी करून देण्याची जबाबदारी कंपनीची राहील, ही दोन वाक्ये आपण होऊन घालून घ्यावी. कोणत्याही सुज्ञ बँकेचा वकील त्यांस हरकत घेणार नाही. आणि पीककर्ज पिकावर मिळते. प्लेटांखाली पीक नाही, तेव्हा त्या गटावर सोसायटीचे कर्ज पुढे मिळेल ही आशा ठेवू नये.

दुसरे कलम असे: भाडे थकले तरी मालकाने पट्टा एकदम मोडावयाचा नाही, आधी कर्जदात्यास नोटीस द्यावयाची, त्याला चूक दुरुस्त करण्यास मुदत द्यावयाची, आणि त्याने दुसरी कंपनी आणून बसविली तर तिला मान्य करावयाचे. ह्या कलमास आमचा विरोध नाही. मालकाच्याही ते सोयीचे होऊ शकते. कारण कंपनी बुडाली तरी प्रकल्प चालू ठेवण्यात बँकेचे हित असते व भाडे देणारा कोणीतरी राहतो. परंतु मुदत किती दिवसांची हे आकड्यात लिहिलेले असावे, आणि नवी येणारी कंपनी मागील थकबाकीसह पट्टा स्वीकारील असे स्पष्ट असावे. ‘वाजवी मुदत’ हा शब्द कोर्टात फार लांब ताणतो.

कंपनीस तीन महिन्यांच्या नोटिशीने निघून जाण्याची मुभा, आणि मालक मात्र पंचवीस वर्षे बांधलेला, अशी एकांगी कलमेही आढळतात. त्याविषयी निदान ठराविक रकमेची भरपाई मागावी. पट्टा संपल्यावर खुंट, तारा व फुटक्या प्लेटा काढून जमीन नांगरण्याजोगी करून देण्याबद्दल आरंभीच अनामत किंवा बँकेची हमी घेतलेली बरी. पंचवीस वर्षांनी ती प्रकल्पापुरती कंपनी शिल्लक असेलच असे नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदविलाच पाहिजे. ज्या कागदास पट्टा न म्हणता सामंजस्याचा करार म्हणतात व ज्यावर थोडकी रक्कम हातावर ठेवून वर्ष दीड वर्ष जमीन अडकवून ठेवतात, तो कमी महत्त्वाचा नव्हे. पुढील पट्ट्याच्या अटी पुष्कळदा त्यातच ठरून गेलेल्या असतात. आणि मुखत्यारपत्र! त्यात ‘रद्द न होणारे’ हा शब्द दिसल्यास वकिलास दाखविल्याखेरीज सही करू नये.

मावळच्या शेतकऱ्याचा विजेशी संबंध पट्ट्यापेक्षा मनोऱ्यांमुळे अधिक येतो. मुंबईकडे जाणाऱ्या वाहिन्या ह्याच मुलखातून जातात. वाहिनी टाकणाऱ्या कंपनीस २००३ च्या विद्युत कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली सरकारने १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार दिले असले, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीची गरज राहत नाही. जमीन मालकाचीच राहते, म्हणून संपादनाची किंमतही मिळत नाही. मिळते ती नुकसानभरपाई, आणि ती अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. केंद्राच्या वीज मंत्रालयाने जून २०२४ मध्ये राज्यांस जे मार्गदर्शन केले, त्यात मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीस तिच्या किमतीच्या २०० टक्के व तारांखालील पट्ट्यास ३० टक्के भरपाई सुचविली आहे. हे मार्गदर्शन होय. प्रत्यक्ष दर राज्याच्या आदेशात पाहावा. मनोरा उभा राहण्यापूर्वी पिकांचा व झाडांचा पंचनामा स्वतः हजर राहून करून घ्यावा, आणि त्याची नक्कल त्याच दिवशी मागावी.

लोणावळ्याच्या तलावांची गोष्ट संपलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला: शिरवत्यास १,८०० मेगावॉट व भिवपुरीस १,००० मेगावॉट, खर्चाचा अंदाज सुमारे १३,००० कोटी रुपये. उदंचन म्हणजे खालचे पाणी, वीज स्वस्त व मुबलक असेल तेव्हा, वर चढवून ठेवावयाचे आणि वीज महाग असेल तेव्हा पुन्हा सोडावयाचे. दुपारच्या उन्हाची वीज संध्याकाळी वापरण्याचा तो एक मार्ग आहे. एका अर्थी पूर्वेकडील सोलरच्या शेतांचे कोठार मावळच्या घाटात बांधावयाचे. अशा प्रकल्पास कर्ज देणारा पुन्हा तेच चार प्रश्न विचारील, आणि त्यांत पाण्याचा प्रश्न येथे सर्वांत जुना आहे. भीमेच्या खोऱ्यातील पाणी घाटाखाली वळविण्यास कृष्णा लवादाने, बचावत यांच्या अध्यक्षतेखाली, १९७६ साली मर्यादा घातली: टाटांच्या जलविद्युत कामांसाठी मिळून कोणत्याही एका वर्षी ५४.५ अब्ज घनफूट, आणि लागोपाठच्या पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट. तेच पाणी वरखाली फिरविणाऱ्या प्रकल्पास पाणी कमी लागते हे खरे. तथापि पहिल्या भरतीचे व बाष्पीभवनाने घटणाऱ्या पाण्याचे हिशेब कोठल्या खात्यात धरले जातात, हे पर्यावरणाच्या जाहीर सुनावणीत विचारण्याचा अधिकार खालच्या गावांस असतो. सुनावणी लावली गेली तर तिची जाहिरात वर्तमानपत्रात येते व मसुदा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत पाहावयास ठेवतात. तो मसुदा सहसा शेकडो पानांचा असतो. गावाने एक दोन शिकलेली मुले त्या कामी बसवावी.

वकिलाच्या खर्चाविषयी. एका गावातील दहा खातेदारांकडे एकच कंपनी आली असेल, तर पट्ट्याचा मसुदा दहांचा एकच असतो. दहांनी मिळून एक वकील केल्यास प्रत्येकी खर्च थोडका येतो, आणि एकत्र मागितलेली दुरुस्ती कंपनीस नाकारणे जड जाते. स्त्रिया, अनुसूचित जातीजमातींचे लोक व ठराविक उत्पन्नाखालील सर्वजण यांस १९८७ च्या कायद्याप्रमाणे तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य सल्ला मिळतो. कोर्टाच्या आवारात चौकशी करावी. जाताना चालू सातबारा, आठ अ, वारसाचे फेरफार, सोसायटीच्या येणेबाकीचा दाखला व कंपनीने दिलेला मसुदा इतके कागद बरोबर न्यावे. मसुदा इंग्रजीत असल्यास मराठी प्रत कंपनीकडून मागून घ्यावी, आणि दोहोंत फरक निघाल्यास कोणती प्रत खरी धरावयाची हे त्या कागदातच लिहवून घ्यावे. हे सर्व करावयाचे ते कंपनीचे कर्ज सुटण्यापूर्वी. तोपर्यंत जमिनीची एक सही अडली तरी बँकेचा अहवाल पुरा होत नाही, आणि तिच्यासाठी माणसे आपल्या दारी येतात. कर्ज सुटल्यानंतर तीच माणसे पत्राचे उत्तर महिन्याने देतात.